वाघरीचं तोंड

"पोरं किती, आक्का?" राजमती बाईंनी पुन्हा विचारलं.

"हाईत की," सुलाबाई म्हणाली आणि चुलीतलं लाकूड आत सारलं.

"हाईत ते मला दिसतंय. किती हाईत?"

"देवाच्या दयेनं हाईत, बाई. तुमी च्या घ्या आदी."

अंगणात एक पोर खाटेवरून उलटं लोंबकळत होतं. एक कोकराच्या तोंडात बोट घालून बसलं होतं. दोघी मातीत रेघा ओढून लंगडी घालत होत्या, आणि आत कुणीतरी बारीक आवाजात रडत होतं. घराला दार नव्हतं. चौकट होती, तिला तरटाचा पडदा होता. पडदा बाजूला सारून धाकटी सून कडेवर तान्हं घेऊन आली आणि सासूच्या मागं उभी राहिली. राजमती बाईंनी तिच्याकडं पाहिलं, तशी तिनं पोराच्या तोंडावर पदर ओढला.

घरात किती पोरं आहेत ते बाईंना माहीत होतं. सावरमाळच्या शाळेत त्यांना वीसेक वर्षं झाली होती. अंगणातल्या पोरांना त्या शिकवत होत्या, त्यांच्या बापांनाही त्यांनीच शिकवलं होतं. पण त्यांच्या माहितीला कागदावर किंमत नव्हती. घरच्यांच्या तोंडून आकडा यायला हवा होता, आणि घरची माणसं चहा पुढं करत होती.

चहा पिऊन बाई उठल्या. दुसऱ्या घरी गेल्या. तिथंही हाईत की. तिसऱ्या घरी सयाजी नावाचा म्हातारा दोरी वळत बसला होता. त्यानं वर न बघताच सांगितलं की सुलाबाईनं काय सांगितलं ते लिहा, आमचंही तेच धरा.

सावरमाळ म्हणजे आटपाडीच्या पूर्वेला, कुसळांच्या माळावर वसलेली धनगरांची वस्ती. दिवाळी झाली की जाणती माणसं मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरतात, पाऊस लागला की परत येतात. काही पोरं मेंढरांमागं जातात, काही आज्यांपाशी राहतात. शाळा दोन खोल्यांची, पुढं ओसरी, ओसरीला चार खांब. शिक्षकाच्या जागा दोन, त्यातली एक कायम रिकामी. दुसऱ्या जागेवर राजमती चौगुले. बदलीची वेळ आली की त्या सावरमाळच मागायच्या. ती जागा दुसरं कुणी मागत नसल्यानं भांडण कधी झालंच नाही.

बाई सांगलीकडच्या, जैन. दिवस मावळायच्या आत जेवणाऱ्या. वस्तीनं ते पहिल्याच वर्षी ध्यानात घेतलं होतं. पालकांची सभा असली आणि ऊन कललं की कुणीतरी म्हणायचंच, चला रं, बाईंच्या जेवणाची येळ झाली. गाळलेल्या पाण्याचा एक हंडा सुलाबाईच्या घरी वेगळा भरलेला असायचा. त्या हंड्याला पोरं हात लावत नसत. मेंढरं राखणाऱ्यांच्या वस्तीत बाईंचा धर्म असा सांभाळला जात होता आणि त्याबद्दल कुणी कधी भाषण केलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात वरून एक कागद आला. शाळेनं आपला समाज समजून घ्यावा, असं त्यावर लिहिलं होतं. घरं किती, माणसं किती, शिकलेली किती, काम काय करतात, आणि सहा वर्षांखालची मुलं किती. आकडे जनगणनेतून घ्यायचे आणि त्यावरून पुढची शाळा आखायची. कल्पना वाईट नव्हती. वाईट कल्पना सरकारात फारशा नसतातच. चांगल्या कल्पनेला जुना आकडा जोडला की काम भागतं. जनगणना होती दोन हजार अकराची. त्यानंतर झालेलीच नव्हती. त्या गणतीत सहा वर्षांखालच्या रकान्यात बसलेली पोरं आता मिशा फुटून मेंढरांमागं गेली होती. सुलाबाईची धाकटी सून त्या वेळी तिच्या माहेरी त्याच रकान्यात होती.

शिवाय गणतीत आकडा गावाचा असतो, वस्तीचा नसतो. मग कुणीतरी शहाण्यानं गावाच्या आकड्याला घरांनी भागलं आणि सावरमाळचा वाटा काढला. भागाकार बरोबर होता. त्या भागाकाराप्रमाणं सावरमाळला घरटी एकसुद्धा लहान मूल नव्हतं. ज्यांनी वस्ती कधी पाहिली नव्हती त्यांना वस्ती समजून घ्यायची होती, आणि त्यासाठी ते वस्ती सोडून बाकी सगळीकडं बघत होते.

त्याचा अर्थ शिक्षकांच्या सभेत विस्तार अधिकाऱ्यांनी, आप्पासो थोरातांनी, शांतपणे सांगितला होता. जिथं पोरंच नाहीत तिथली शाळा येत्या जूनपासून पिंपरओढ्याच्या मोठ्या शाळेत मिसळायची. पिंपरओढा चारपदरी रस्त्याच्या पलीकडं. मधे ओढा, त्याच्यावर पूल नाही. मुलगे सायकलवर जातील. मुलींचं काय होईल हे सभेत कुणी विचारलं नाही, कारण ते सगळ्यांना माहीत होतं.

बाईंनी उभं राहून सांगितलं की आकडा चुकीचा आहे. थोरात म्हणाले, असेल. पण तुमची निम्मी पोरं निम्मं वर्ष गैरहजर, म्हणून तुमचा पट वर कुणी खरा धरत नाही, आणि शाळेत न येणारी बारकी पोरं तर कुठंच नोंदलेली नाहीत. मी स्वतः येतो. पालकांनी माझ्यासमोर तोंडानं सांगावं, घरात एवढी एवढी मुलं आहेत म्हणून. मी लिहून वर पाठवतो.

एवढंच करायचं होतं. पालकांनी तोंडानं सांगायचं होतं.

शनिवारी बाई एसटीनं सांगलीला घरी गेल्या. नवरा वर्धमान, मार्केट यार्डात धान्याचं दुकान. ऊन असतानाच दोघं जेवायला बसली. बाईंनी सगळं सांगितलं. वर्धमान भात कालवत ऐकत होता. त्यानं त्याचं नेहमीचं ऐकवलं, की सांगलीजवळ चांगली शाळा मागून घेतली असतीस तर पोरीच्या दहावीला तरी घरी असतीस, आणि आता रिटायर व्हायच्या वयात धनगरांची पोरं मोजत फिरतेस.

"मोजून देत नाहीत, तेच तर अडलंय," बाई म्हणाल्या.

"का देत नाहीत?"

"कोकरं मोजायची नाहीत, पोरं मोजायची नाहीत. मोजलं की घटतं म्हणे."

वर्धमान हसला. आडाणी माणसं, म्हणाला.

बाईंनी त्याच्या ताटात आमटी वाढली. मग विचारलं, "मामंजी धान्य मापताना पहिलं माप काय म्हणून टाकायचे हो?"

"लाभ."

"एक का नाही म्हणायचे?"

"तसंच म्हणायचं असतं. लाभ, दोन, तीन."

"आता तर मापं गेली. काटा आला. तुम्ही काय म्हणता?"

वर्धमाननं ताटातली आमटी ओरपली. "पहिल्या पोत्याला लाभच म्हणतो," तो म्हणाला, आणि पुढं जेवण संपेपर्यंत आडाणी हा शब्द त्यानं काढला नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. बाई आटपाडीला न जाता कुंडलला गेल्या. सुलाबाईचा थोरला मुलगा हरिबा तिकडं मेंढरं घेऊन होता, हे त्यांना ठाऊक होतं. ऊस तुटलेल्या एका रानात खतासाठी मेंढरं बसवली होती. भोवती वाघर लावली होती. वाघर म्हणजे सुताचं जाळं, खुंट्यांवर ताणून मेंढरांभोवती फिरवायचं. बांधावर तीन दगडांची चूल, राहायचं पाल, आणि पालापुढं हरिबाच्या दोन्ही पोरी. थोरली राणी, चौथीतली. बाईंना बघून ती पळत आली आणि जवळ आल्यावर लाजून उभी राहिली. तिच्या हातात मराठीचं पुस्तक होतं, त्याची पहिली पानं गेली होती.

हरिबा बाईंचा पहिल्या वर्षीचा विद्यार्थी. आता तोही तिशीतला. त्यानं घोंगडं झटकून बाईंना बसायला टाकलं.

बाईंनी सांगितलं काय होणार आहे ते. जूनपासून शाळा नसेल. हरिबा खाली बघत ढेकूळ फोडत राहिला. म्हणाला, राणी पिंपरओढ्याला न्हाई जायाची बाई, तो रोड म्हंजी मरान हाय, मेंढरं वलांडताना माजा जीव वर-खाली हुतो.

"मग आईला सांग. साहेबांपुढं एकदा बोल म्हणावं. ती बोलली की सगळी वस्ती बोलेल."

"आईला ते सांगू नगासा."

"का रे?"

हरिबानं राणीला हाक मारून पाणी आणायला पिटाळलं. ती लांब गेल्यावर बोलला.

"तुमी यायच्या आदलं साल. लय दुस्काळ व्हता. सर्वेवालं आलं व्हतं. आईनं बोटं धरून धरून समदी नावं सांगितली, आकडा सांगितला. तवा ती असली नव्हती, लय बोलायची. त्येंनी दारावर गेरूनं आकडा काढला, ह्यो एवढा. आई येईल त्येला दावायची, बगा माज्या घरचा आकडा. आठ दिस झालं नसतील, भागीला गंजीत पान लागलं. माज्या पाठची. पाच वर्साची व्हती. डॉक्टरपातुर बी पोचली न्हाई."

बाईंनी वीस वर्षांत भागी हे नाव ऐकलं नव्हतं.

"साप हाय, चावायचाच," हरिबा म्हणाला. "मला कळतंय ते. पर आकडा दारावर तसाच. येता-जाता त्योच. पुसाय गेलं तर गेरू पसरला, आनिकच लाल दिसाय लागला. मग एक दिस आईनं दार उचकाटलं नि चुलीत घातलं. तवापसनं आमच्या घराला दार न्हाई."

तरटाचा तो पडदा बाईंना आठवला. गरिबी म्हणून तो पडदा आहे, असं त्या वीस वर्षं धरून चालल्या होत्या. शिकलेल्या माणसाला दुसऱ्याच्या घरात जे जे नसतं ते सगळं गरिबीमुळंच नसतं असं वाटतं.

हरिबानं एवढं कबूल केलं की कुंडलला आणि आसपास उतरलेल्या बिऱ्हाडांची पोरं तो साहेब येतील त्या दिवशी पिकअपमध्ये घालून सावरमाळला आणेल. बोलायचं मात्र तुमचं तुम्ही बघा, म्हणाला.

सोमवारी शाळा सुटल्यावर बाई सुलाबाईकडं गेल्या. आकडा विचारला नाही. भागीचं नाव काढलं नाही. जून महिन्यात काय होणार आहे ते सांगितलं, राणीचं पुस्तक किती फाटलं आहे ते सांगितलं. सुलाबाई जोंधळा पाखडत होती. सूप थांबलं नाही.

पाखडता पाखडता तिनं विचारलं, "त्या सायबाला मोजाय येतंय का?"

"येतंय की. शिकलेला आहे."

"मग त्येनं मोजावं. त्येला कुनी आडवलंय?"

"तो तुमच्या तोंडून ऐकायचं म्हणतोय, आक्का."

"त्येला कान हाईत, डोळं न्हाईत व्हय?" सुलाबाई म्हणाली. सूप आपटून तिनं कोंडा उडवला आणि बाईंना उठून जायला सांगितलं, कारण ऊन कललं होतं.

थोरात साहेब सकाळी येणार होते, ते दुपार टळल्यावर आले. मोटरसायकलवरून, पाठीला पिशवी, अंगभर धुरळा. माणूस वाईट नव्हता. एवढ्या शाळा एकट्याच्या अंगावर होत्या की कुठल्या गावात आपण काय बोललो ते त्याला दुसऱ्या गावात आठवत नसे. शाळेपुढच्या मैदानात वस्ती बसली होती, एका बाजूला बाया, एका बाजूला बापे. हरिबाची पिकअप चिंचेखाली उभी होती. पोरं शाळेमागच्या माळावर होती आणि त्यांचा गलका पुढं ऐकू येत होता.

साहेबांनी पाणी घेतलं, कागद काढला आणि सयाजीपासून सुरुवात केली.

"बाबा, घरात मुलं किती?"

"हाईत की."

"किती?"

"घर भरंल एवढी."

"बरं, मेंढरं किती?"

"वाघर भरंल एवढी."

बापे हसले. साहेबही हसले. पुढच्या माणसाला विचारलं, त्यानंही तेच सांगितलं. बायांकडं वळले, बायांनी तोंडाला पदर लावले. पाच-सहा घरं झाल्यावर साहेबांचं हसणं संपलं. त्यांनी कागदाची घडी घातली.

"मॅडम, मी यात काय लिहू? घर भरेल एवढी?"

राजमती बाईंकडं नावं होती, जन्मतारखा होत्या, सगळं होतं. नावांची वही हातात धरून त्या उभ्या राहिल्या. साहेबांनी ती आधीच बघितली होती. ते आता घड्याळ बघत होते. आणखी दोन मिनिटांत ते मोटरसायकलला किक मारतील आणि सावरमाळच्या नावापुढं त्या भागाकाराचं उत्तर राहील, हे बाईंना स्वच्छ दिसत होतं.

तेवढ्यात सुलाबाई उठली. तिच्या खांद्यावर वाघर होती. ती कधी घेऊन आली कुणी बघितलं नव्हतं. ती ओसरीवर चढली, हरिबाला तिनं नुसती मान हलवून बोलावलं, आणि दोघांनी मिळून ओसरीच्या खांबांना वाघर ताणून बांधली. शाळेच्या दोन्ही खोल्या जाळ्याच्या आत गेल्या. शेवटच्या खांबापाशी तिनं एक टोक मोकळं सोडलं आणि ते आपल्या हातात धरलं. संध्याकाळी मेंढरं आत घेताना वाघरीचं तोंड असंच धरतात. एका वेळी एकच मेंढरू आत जातं. धनगर मोजत नाही, तो तोंडं बघतो. एखादं कमी असलं तर त्याला मोजल्याशिवाय कळतं.

"सायेब, खुर्ची हितं घ्या," सुलाबाई म्हणाली.

"कशाला?"

"तुमाला मोजाय येतंय न्हवं? मग मोजा. आमी न्हाई मोजत. पाप लागलं तर तुमास्नी."

"लागू दे," साहेब हसून म्हणाले. पण वस्ती हसली नाही, तेव्हा त्यांनी गुपचूप खुर्ची उचलून खांबापाशी नेली.

सुलाबाईनं माळाकडं तोंड करून मेंढरांना घालतात तशी हाळी घातली. पोरं आली. मोठी, मधली, नागडी-उघडी, बहिणीच्या कडेवरची. पायरीखाली त्यांची गर्दी झाली. सुलाबाईनं वाघरीचं टोक वर उचललं.

"राणी."

राणी वाकून आत गेली. जाताना म्हातारीनं तिच्या पाठीवर हात टेकवला.

"एक," साहेब म्हणाले.

सुलाबाईचा हात खाली आला. वाघर मिटली. पुढचं पोर पायरीवर तसंच थांबलं. मैदानात बसलेल्या बायांतल्या दोघी उठून उभ्या राहिल्या. त्या आता आपली पोरं घेऊन घरी जाणार, हे बाईंना कळलं.

"साहेब," त्या म्हणाल्या, "पहिल्याला लाभ म्हणा."

"काय?"

"धान्य मापताना म्हणतात ना, तसं. लाभ, दोन, तीन."

थोरात शेतकऱ्याच्या घरचेच होते. त्यांनी एकदा बाईंकडं बघितलं, एकदा म्हातारीच्या मिटलेल्या मुठीकडं. डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"लाभ," ते म्हणाले.

वाघर वर गेली. सुलाबाईनं पुढचं नाव घेतलं. राजवर्धन आत गेला. त्याच्या मागं त्याचा भाऊ. मग सयाजीच्या घरची. प्रत्येकाचं नाव ती घेत होती, कुणाचा आहे ते विचारत नव्हती, आणि प्रत्येकाच्या पाठीला तिचा हात लागत होता. साहेब हळू आवाजात मोजत होते. तान्ही पोरं आयांनी आणून दिली, ती हातोहात आत गेली. धाकट्या सुनेनं पोराच्या तोंडावरचा पदर काढला आणि स्वतःच वाकून त्याला घेऊन गेली. आत पोरं खोल्यांतून मावेनात, ओसरीवर जाळ्याला टेकून उभी राहिली. त्यांच्या गालांवर जाळ्याच्या चौकटी उमटल्या.

साहेबांनी शेवटी जो आकडा लिहिला तो भागाकाराच्या कितीतरी पुढचा होता. तो इथं लिहीत नाही. सुलाबाई हयात आहे आणि सावरमाळला कधीकधी कुणी मासिक वाचून दाखवतं.

पुढं मे महिन्यात आदेश आला. सावरमाळची शाळा राहिली. एका वर्षापुरती, असं त्यात लिहिलं होतं. पोरं घटली म्हणून शाळा बंद करणारे लोक पोरं वाढली म्हणून दुसरा शिक्षक काही देत नाहीत. ती जागा अजून रिकामी आहे. पण राणी चौथी पास होऊन पाचवीत बसली ती त्याच ओसरीवर, कारण पाचवीचा वर्ग तिथं भरवायची परवानगी बाईंनी भांडून आणली.

हे सगळं नंतरचं. त्या दिवशी शेवटचं पोर आत गेलं, ते सयाजीचं नातवंड होतं, शेंबूड पुसत गेलं. पायरीखाली आता कुणी नव्हतं. मैदान रिकामं, पलीकडं माळ, माळावर उतरलेलं ऊन.

"झाली का सगळी?" साहेबांनी विचारलं.

हरिबानं मान खाली घातली.

सुलाबाई वाघरीचं तोंड तसंच धरून उभी होती. मोठ्या पोरांसाठी तिनं ते वर धरलं होतं, आता हात खाली आला होता, पण मिटला नव्हता. पाच वर्षांचं पोर न वाकता आत जाईल, तेवढ्या उंचीवर तो थांबला होता. ती पोरांकडं बघत नव्हती. माळाकडं बघत होती. साहेबांनी पेन उचललं होतं, ते त्यांनी पुन्हा खाली ठेवलं.

मग तिनं तो हात हवेतच जरासा पुढं नेला, पाठीवर ठेवतात तसा, आणि जाळ्याचं टोक खांबाला अडकवून टाकलं.

"बाई," मागं न बघता ती म्हणाली, "दिस बुडाय आला. तुमचं जेवान ऱ्हाईल."